मावशींनी मागून घेतलेला तास

१३ मे १९३९ या दिवशी हॅम्बुर्गच्या बंदरातून एक जहाज क्युबाला निघालं. त्यावर नऊशेहून जास्त प्रवासी होते आणि जवळजवळ सगळे ज्यू होते. मोजके सोडून क्युबाने कुणाला उतरू दिलं नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात जहाज फ्लोरिडाच्या इतकं जवळ आलं की डेकवरून मायामीचे दिवे दिसत होते. अमेरिकेनेही उतरू दिलं नाही. ६ जूनला ते युरोपकडे परत फिरलं. त्यातल्या अडीचशेहून जास्त माणसांना पुढे नाझींनी आणि त्यांच्या साथीदारांनी मारलं.

मी पत्रकं लिहिते. भाडेकरूंसाठी, व्हिसावर अडकलेल्यांसाठी, कुणाचा पगार बुडाला असेल तर त्याच्यासाठी. पहिल्या ओळीत कुणावर अन्याय झाला आणि कधी झाला हे आलंच पाहिजे, नाहीतर वाचणारा दुसऱ्या ओळीपर्यंत टिकत नाही, असं मला शिकवलं गेलंय. म्हणून सुरुवात अशी केली. ज्यांना आठवणी हळूहळू उलगडलेल्या आवडतात त्यांनी माफ करावं.

त्या जहाजावरच्या बहुतेकांनी अमेरिकेच्या व्हिसासाठी आधीच नाव नोंदवलं होतं. फक्त नंबर लागायचा होता. हे वाक्य मी डॅलसच्या होलोकॉस्ट संग्रहालयात पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या आजूबाजूला डॅलसजवळच्या फ्रिस्कोतली आमची मराठी माणसं उभी होती, आणि ‘नंबर लागायचा होता’ म्हणजे काय हे त्यांतल्या कुणालाच समजावून सांगायची गरज नव्हती.

आम्ही तिथे कसे पोचलो, ते आधी सांगते.

आमच्या मंडळाची रविवारची मराठी शाळा एका भाड्याच्या कॅफेटेरियात भरते. तिथे मी मोठ्या मुलांना शिकवते. मोठी म्हणजे तेरा-चौदा वर्षांची. आपण मराठीत विचारायचं आणि त्यांनी इंग्रजीत उत्तर द्यायचं असा एक करारच आहे. शाळेत एक मावशी मदतीला येतात. सत्तरीच्या पुढच्या, ठाण्याला नर्सिंग केलेल्या, टेक्सासच्या इस्पितळांतून निवृत्त झालेल्या. मूळच्या अलिबागजवळच्या. आडनाव गावावरून, शेवटी ‘कर’. मंडळात सगळे त्यांना कोकणातल्या मावशी म्हणतात. दरवर्षी पितृपक्षाच्या, नवरात्राच्या आसपास त्या एक मोठं ताट भरून चिकाचा हलवा आणतात. गव्हाचा चीक, नारळाचं दूध, वर बदामाचे काप. लोक ताट चाटूनपुसून संपवतात. अनेकींनी त्यांच्याकडून कृती लिहून घेतली आहे. हा हलवा नेमका त्याच दिवसांत का, असं तीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.

मीही विचारलं नव्हतं. मला कळलं ते माझ्या मामीमुळे.

गेल्या हिवाळ्यात मी न्यू जर्सीला मामेबहिणीकडे गेले होते. नाशिकहून मामी आलेली होती. आयसेलिनला साड्यांची दुकानं पालथी घालून झाल्यावर मामीचे पाय दुखायला लागले म्हणून आम्ही जवळच्या एका गावातल्या वाचनालयाच्या बागेत बसलो. तिथे एक काळा दगड होता, त्यावर होलोकॉस्टमध्ये मारल्या गेलेल्यांच्या स्मरणार्थ असं कोरलेलं, आणि दगडाच्या माथ्यावर खडेच खडे. मामी उठली. “काय बाई पोरं तरी! स्मारकावर खडे टाकतात का कुणी?” असं म्हणत तिने सगळे खडे एका हाताने खाली लोटले, ओढणीने दगड लख्ख पुसला आणि पर्समधलं देवळातून आणलेलं शेवंतीचं फूल वर ठेवून हात जोडले.

डॅलसला परत आल्यावर हा किस्सा मी शाळेच्या मधल्या सुट्टीत रंगवून सांगितला. सगळे हसले. मावशी हसल्या नाहीत. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “ते खडे परत ठेवलेत ना गं?”

“नाही. का?”

“आमच्यात फूल वाहत नाहीत. जो येतो तो खडा ठेवतो. कुणीतरी येऊन गेलं, एवढंच सांगायचं असतं.”

‘आमच्यात’ या शब्दावर मी अडखळले. मग त्यांनी सांगितलं. त्या बेने इस्रायली. कोकणात शेकडो वर्षं राहिलेले मराठी ज्यू. पणजोबांचा तेलाचा घाणा होता, शनिवारी बंद असायचा, म्हणून गावात ‘शनिवार तेली’ म्हणायचे. घरात कीर्तन मराठीत, शिव्या मराठीत, प्रार्थना तेवढी हिब्रूत. चिकाचा हलवा त्यांच्या नव्या वर्षाचा.

“मग मंडळात सांगितलं का नाही कधी?”

“कुणी विचारलं नाही. आणि तुला सांगू, बरं वाटायचं. कुठेही गेले की लोक ज्यू म्हणजे काय ते मला समजावून सांगतात. इथे मी नुसती कोकणातली होते.”

बहिणीला मी फोन केला. तिने जाऊन खडे वेचून परत ठेवले. मामी म्हणाली, “अगोबाई! पण फूल काढू नका हं.” फूल काढलं नाही.

त्याच मधल्या सुट्टीत मावशींनी मला आपला बेत सांगितला. या लेखात जे काही पणाला लागलंय ते हे आहे, म्हणून सरळच सांगते. दर वसंतात, ज्यूंच्या स्मृतिदिनी, उत्तर डॅलसमधल्या एका सभागृहात मारल्या गेलेल्यांची नावं वाचतात. सकाळपासून संध्याकाळपर्यंत, अखंड. एकाचं पान संपायच्या आत दुसरा माणूस त्याच्यामागे येऊन उभा राहायला हवा. नाही आला, तर वाचणाऱ्याने पुढचं पान घ्यायचं. आवाज थांबू द्यायचा नाही. मावशी दरवर्षी एक पान वाचायच्या. यंदा त्यांनी आख्खा तास मागून घेतला होता. आयोजकांना सांगितलं होतं, “हा तास माझ्या माणसांचा. माझी मराठी माणसं येतील.”

“किती जण लागतील?” मी विचारलं.

“सहा-सात आले तर छान. शाळेतली मोठी मुलं वाचतील की! नाही आलं कुणी तर मी आहेच.”

शेवटचं वाक्य त्यांनी हलकंच म्हटलं. पण त्या दिवसांत त्यांना घशाचा त्रास होता, दहा मिनिटं बोलल्या की खोकला यायचा. तासभर त्या एकट्या वाचूच शकल्या नसत्या. आणि त्याहून मोठं म्हणजे त्यांनी शब्द देऊन ठेवला होता, आमच्या जिवावर.

शाळेची कुठलीही गोष्ट करायची तर काकांना विचारावं लागतं. काका आमच्या मंडळाचे संस्थापक. लहान मुलांचे डॉक्टर, चाळीस वर्षं प्रॅक्टिस करून निवृत्त. त्यांच्याबद्दल वाईट लिहायला मला आवडणार नाही, कारण मी विद्यार्थिनी म्हणून आले तेव्हा विमानतळावर घ्यायला तेच आले होते आणि माझी पहिली गादी त्यांच्याच गॅरेजमधली. पण लिहिणार आहे.

काका म्हणाले, “नावं वाचायची तर मुलांना आधी विषय कळू दे. संग्रहालय दाखवू. मी व्हॅन चालवतो.” अगदी रास्त बोलले. मावशी त्यांना म्हणाल्या, “थँक यू डॉक्टर.” त्या नर्स होत्या म्हणून काका त्यांना आजही सिस्टर म्हणतात. “अहो सिस्टर, थँक यू कसलं? तुमच्या मनात आलंय ना, मग करू.” मावशींच्या मनात ते का आलं, हा प्रश्न त्यांनाही पडला नाही.

तर असे आम्ही एका शनिवारी तिथे होतो. (शनिवारी मावशी गाडी चालवत नाहीत, व्हॅनमध्ये बसतात. “अर्धं पाळते,” म्हणाल्या, “पूर्ण पाळणारं आता घरात कुणी उरलं नाही.”) आठ मुलं, काका-काकू, मावशी, मी, आणि एका मुलीचे वडील. मी ज्या आयटी कंपनीत नोकरी करते तिच्या शेजारच्या इमारतीत हा बाबा काम करतो, ग्रीन कार्डच्या रांगेत मुलीच्या जन्माआधीपासून उभा आहे.

जहाजाचा नकाशा भिंतीवर होता. हॅम्बुर्गहून हवानाला गेलेली रेघ, मग फ्लोरिडाच्या काठाकाठाने थोडी फिरलेली, मग परत. मुलगी बराच वेळ बघत राहिली आणि बाबाला म्हणाली, “बट दे वेअर इन लाइन, राइट? लाइक अस?”

बाबा म्हणाला, “हो.”

“सो व्हाय डिडन्ट दे जस्ट वेट?”

“कुठे वेट करणार, बेटा?”

तिने परत नकाशाकडे पाहिलं. रेघ समुद्रात होती. गेल्या वर्षी बाबा व्हिसाच्या स्टॅम्पिंगसाठी पुण्याला घरी गेला आणि अपॉइंटमेंट पुढे ढकलली गेली म्हणून तिकडेच अडकून पडला होता. पण तो आईच्या घरी अडकला होता, आई रोज साबुदाण्याची खिचडी करून घालत होती. हा फरक त्या मुलीच्या डोक्यात जुळताना मला दिसला. इतकी पत्रकं लिहिली, एवढं एकाही पत्रकाने कुणाला समजावलेलं नाही.

पुढच्या दालनात ज्यूंना छावण्यांकडे नेणाऱ्या मालगाडीचा एक डबा आहे. खरा. लाकडी, बुटका, एक छोटी जाळीची खिडकी. आत जाऊन उभं राहता येतं. मुलं आत गेली. काका दाराशी उभे होते. त्यांनी लाकडावर हात ठेवला, मान हलवली आणि म्हणाले,

“क्रूर होता, मान्यच आहे. पण शिस्त! काय शिस्त होती त्या माणसाची! आपल्या देशाला पाच वर्षं असा एक मिळायला हवा होता. सगळे सरळ झाले असते.”

त्या माणसाचं नाव काकांनी घेतलं, मी लिहिणार नाही. त्याला पुरेशी प्रसिद्धी मिळालेली आहे.

मोठ्याने बोलले ते. मराठीत बोलल्यामुळे आसपास कुणाला कळणार नव्हतं, आणि आपण मराठीत बोललो की आपण घरात असतो अशी आपली सगळ्यांचीच समजूत असते. डब्यात आठ मुलं होती. डब्यात मावशी होत्या.

“काका,” मी म्हणाले, “तुम्ही कुठे उभे आहात ते बघा.”

“अगं म्हणजे तसं नाही. तू लगेच मोर्चा काढू नकोस.”

“तसं नाही म्हणजे कसं? शिस्त कशाची? ही डब्यात माणसं मोजून भरायची शिस्त?”

“हळू बोल, लोक बघतायत,” काकू म्हणाल्या. मला म्हणाल्या, काकांना नाही.

मावशी डब्यातून उतरल्या. उतरताना काकांनी सवयीने हात पुढे केला आणि मावशींनी सवयीने तो धरला.

मी काही जगावेगळं ऐकलं होतं असं नाही. हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलेय. गणिताच्या सरांकडून, लग्नाच्या पंक्तीत, रिक्षात. आपल्याकडे रस्त्यावरच्या पुस्तकाच्या गाडीवर त्या माणसाचं चरित्र व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांशेजारी मांडलेलं असतं, मुखपृष्ठावर त्याचा फोटो, आणि कॉलेजची पोरं ते प्रेरणा म्हणून विकत घेतात. आणि तीच माणसं अभिमानाने सांगतात, की जगात सगळीकडे ज्यूंचा छळ झाला, आपल्याकडे कधी झाला नाही. ते खरंही आहे. दोन्ही गोष्टी एकाच तोंडून, एकाच चहाबरोबर.

जेवायला आम्ही जवळच्या बागेत गेलो. डबे उघडले. काकूंनी पुलाव आणि मसाल्याचं ताक आणलं होतं, मावशींनी चिकन कटलेट. काका प्रत्येकाला आग्रहाने ताक देत होते. त्यांचं काहीतरी बिनसलं की ते आग्रह करायला लागतात.

“घ्या सिस्टर.”

“नको डॉक्टर.”

“अहो ऊन बघा किती आहे. अर्धा ग्लास.”

“कटलेट खाल्लंय. मांसाबरोबर दूध-ताक घेत नाही मी.”

“हे काय नवीन? आयुर्वेद सुरू केलात की काय?”

“नवीन नाही. मी ज्यू आहे, डॉक्टर.”

मुलांचं खाणं चालूच होतं. मोठ्यांचे हात थांबले. काकांच्या हातात ग्लास तसाच.

“अहो, पण तुम्ही तर… कर ना?”

“करच. अलिबागचे.”

“मग इतकी वर्षं… तुम्ही हळदीकुंकवाला येता आमच्याकडे!”

“तुम्ही बोलावता म्हणून येते. वाण छान असतं काकूंचं.”

कुणीतरी हसलं, आणि लगेच थांबलं. काका लाल झाले होते. मग ते जे म्हणाले ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. मनापासून, सांत्वन करावं तसं म्हणाले, “सिस्टर, मी मघाशी आपल्या ज्यूंबद्दल नव्हतो हो बोलत.”

मावशींनी डब्याचं झाकण लावलं. “तो विचारत नव्हता डॉक्टर, कुठले म्हणून.”

बस. त्यांनी विषय तिथेच संपवला आणि मुलांना फळं कापून दिली.

त्या रात्रीपासून पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सुरू झालं. डब्याबद्दल एक अक्षर नाही. काकांच्या वाक्याबद्दल नाही. चर्चा कशाची, तर मुलांनी नावं वाचायला जावं का. ‘सध्याच्या वातावरणात हे पॉलिटिकल दिसेल.’ ‘आमचं ग्रीन कार्ड पेंडिंग आहे, कुठे फोटो आला तर?’ ‘मुलांना नाइटमेअर्स येतील.’ ‘त्या दिवशी सॉकर आहे.’ एका आईने लिहिलं, ‘आपल्या लोकांवर अन्याय झाला तेव्हा ते आले होते का?’ ते म्हणजे कोण, हे लिहिलं नाही. मावशी त्याच ग्रुपवर आहेत.

आणि एकाने मला टॅग करून लिहिलं, ‘तू तर गाझाच्या मोर्चात होतीस ना? आता इकडे कशी? एक बाजू ठरव यार.’

मी होते त्या मोर्चात. पुन्हा जाईन. मारलेल्या पोरांच्या बाबतीत मला दोन बाजू दिसत नाहीत. एका ठिकाणी उभं राहिलं की दुसऱ्या ठिकाणचा हक्क जातो, हे गणित मला कुणीतरी एकदा फळ्यावर सोडवून दाखवावं. मावशींनाही मी विचारलं होतं, तुम्हाला चालेल ना मी? त्या म्हणाल्या होत्या, “माझी मावसबहीण इस्रायलमध्ये अश्दोदला राहते. रोज फोनवर भांडतो आम्ही. मराठीत. तू पान वाच, बाकीचं आपण भांडू निवांत.”

चार दिवसांनी काकांचा अधिकृत संदेश आला. ‘मंडळ या विषयावर तटस्थ आहे. शाळा म्हणून सहभाग नाही. वैयक्तिक पातळीवर कुणीही जाऊ शकतं.’

तटस्थ. तट म्हणजे काठ. काठावर उभं राहून जहाज बघणारेही होते की त्या जूनमध्ये.

मी पत्रक काढलं. एक पान, काळ्या शाईत. कुणावर, कधी. मग मधे ते वाक्य, कुणी म्हटलं ते न लिहिता: ‘आपल्या देशाला पाच वर्षं असा एक हवा होता.’ आणि खाली, स्मृतिदिनाची वेळ आणि पत्ता. छापायच्या आधी मावशींना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं.

“मी कुठे नाही ना यात?”

“नाही.”

“मग वाट. मला पुरावा म्हणून उभी करू नकोस, एवढंच. मला परत जाऊन त्याच पंक्तीत बसायचंय.”

पाडव्याच्या कार्यक्रमात श्रीखंडाच्या रांगेशी उभी राहून मी ते वाटलं. लोकांनी घेतलं, आपली माणसं सभ्य आहेत. बऱ्याच जणांनी त्यावर पुरीचं तेल टिपलं. एकाने विचारलं, “डिस्काउंट कूपन आहे का?” काकूंनी घेतलं, वाचलं, चार घड्या घातल्या आणि पर्समध्ये टाकलं. काका माझ्याकडे न बघता पुढे गेले.

स्मृतिदिनी दुपारी मी मावशींना घेऊन गेले. सभागृह मोठं नव्हतं. समोर मेणबत्त्या, एक उंच टेबल, एक माईक. टेबलावर पानांची चळत. प्रत्येक ओळीत नाव, गाव, वय, आणि कुठे मारलं. साठ लाख हा आकडा मी शंभरदा लिहिलाय. आकडा लिहायला एक क्षण लागतो. त्या दिवशी बघितलं, एक पान वाचायलाच किती वेळ लागतो, आणि एक पान म्हणजे एका गल्लीतली माणसंसुद्धा नव्हेत.

तास सुरू झाला तेव्हा आम्ही दोघीच होतो. मावशींनी पहिलं पान वाचलं, मी दुसरं. पोलिश गावांची नावं माझ्या जिभेवर वळत नव्हती. मावशी मागून पुटपुटल्या, “चुकलं तरी थांबू नकोस.” तिसऱ्या पानाला दार उघडलं आणि तो बाबा मुलीला घेऊन आला. सॉकरच्या कपड्यांतच होती ती. तिने वाचलं, स्वच्छ, न अडखळता. बाबाने वाचलं. मग परत मावशी. अर्ध्या पानावर त्यांना खोकला आला. पाणी प्यायल्या, पुन्हा वाचायला लागल्या. मी पुढच्या पानासाठी जाऊन उभी राहणार, तेवढ्यात माझ्या आधी कुणीतरी त्यांच्या मागे जाऊन उभं राहिलं.

काका होते. कोट घालून. दारात काकू उभ्या होत्या. त्यांच्या हातात माझं पत्रक होतं, पत्त्यासाठी आणलं असावं.

मावशींनी पान संपवलं, वळल्या, बघितलं, आणि बाजूला झाल्या. काकांनी चष्मा सारखा केला. पहिलं नाव वाचलं. गाव. वय सात. आणि थांबले.

मला वाटलं भरून आलं असेल. तसं नव्हतं. त्यांनी दुसरं नाव वाचलं, वय चार, आणि परत तेवढेच थांबले. नाव घ्यायचे आणि मान वर करून समोरच्या खुर्च्यांकडे बघायचे. तिसऱ्या नावाला माझ्या लक्षात आलं. चाळीस वर्षं हा माणूस दवाखान्याच्या दारात उभा राहून मुलांची नावं पुकारत आलाय. नाव पुकारायचं, मग थांबायचं, कारण मूल आईच्या मांडीवरून उतरून यायला वेळ लागतो. ते थांबत होते. कुणी उठत नव्हतं. त्यांनाही ते समजलं असावं, कारण अर्ध्या पानानंतर त्यांचा आवाज बारीक झाला, पण थांबायची सवय काही गेली नाही. आयोजकांपैकी एक बाई हळूच पुढे येऊन म्हणाल्या, “यू कॅन कीप गोइंग, सर.” काकांनी मान हलवली, आणि पुढच्या नावानंतर पुन्हा तेवढेच थांबले.

एका पानाला त्यांना इतरांच्या दुप्पट वेळ लागला. तास भरला.

बाहेर गाड्यांजवळ आम्ही सगळे उभे होतो. हे गोड शेवट असलेलं लिखाण करायचं असतं तर काकांनी इथे माफी मागितली असती. मागितली नाही. किल्ल्या हातात खेळवत म्हणाले, “सिस्टर, ते वाक्य मी आयुष्यभर बोलत आलो. कॉलेजपासून. पार्ट्यांमध्ये. कुणी कधी अडवलं नाही हो.”

तक्रारीच्या सुरात म्हणाले. जणू कुणीतरी त्यांचं नुकसान केलं होतं.

मावशी म्हणाल्या, “मी तीस वर्षं तुमच्या पंक्तीत बसतेय, डॉक्टर. तीन-चारदा तरी ऐकलंय. अडवायचं काम माझं होतं का?”

काकू खाली बघत होत्या. मुलीचा बाबा मुलीच्या बुटाची नाडी बांधायला बसला, जी सुटलेली नव्हती. मग मावशींनी माझ्या गाडीचं दार उघडलं आणि “चल गं, घसा गेलाय” म्हणाल्या.

गाडीत मी चिडले होते. म्हणाले, किती सोडता तुम्ही त्यांना. त्या म्हणाल्या, “सोडलं कुठे? विचारलं की. आता त्यांना झोपताना आठवेल.” आणि थोड्या वेळाने, “पण खरं सांगू? मी विचारायला नको होतं. दुसऱ्या कुणीतरी विचारायला हवं होतं. फार आधी.”

काका चांगले आहेत, हे मी वर लिहिलंय आणि त्यातला शब्द मागे घेत नाही. गादी देणारी, विमानतळावर येणारी, ताकाचा आग्रह करणारी माणसंच हे वाक्य बोलतात. म्हणून तर कुणी अडवत नाही. वय मोठं असतं, जेवण चाललेलं असतं, बोलणाऱ्याच्या मनात तसं काही नसतं. आणि पंक्तीत कोण बसलंय हे आपल्याला ठाऊक असतं अशी आपली खात्री असते.

तुम्हाला ठाऊक नाही. मलाही नव्हतं.

म्हणून हे वाचणाऱ्या तुमच्याकडे माझी एकच मागणी आहे. तुमच्या घरात, तुमच्या मंडळात, तुमच्या ऑफिसच्या डब्याच्या टेबलावर पुढच्या वेळी कुणी म्हणेल, ‘असा एक माणूस हवा होता.’ तुमचे वडील म्हणतील, साहेब म्हणतील, गाडीत बसवून घरी सोडणारे काका म्हणतील. घास खाली ठेवा. समोर ज्यू बसलाय का, हे बघत बसू नका. वाक्य पूर्ण व्हायच्या आत त्यांना अडवा.